खोट्या व्हिडिओंचा निकाल

आमच्या आष्ट्याकडच्या गावात निघालेल्या माणसाला ‘कुठं?’ म्हणून विचारत नाहीत, अपशकुन होतो. त्यात निम्मं गाव फौजेत, म्हणजे तोंडाला दुहेरी कुलूप. सुट्टी संपवून थोरला लेक निघाला तेव्हा मी त्याच्या हातावर दही ठेवलं आणि गप्प राहिले. हवाई दलाच्या कुठल्याशा तळावर तो विमानांच्या इंधनाच्या कामाला आहे, एवढंच मला ठाऊक. तळ गुप्त. आईलासुद्धा सांगायचा नाही!

मग सीमेवर वातावरण तापलं आणि त्याचा फोन बंद झाला. आज हे लिहितानाही तो बंदच लागतो. त्याच आठवड्यात गावात व्हिडिओ फिरायला लागला, गुप्त विमानतळावरचा इंधनसाठा उडवला म्हणून. आगीचे लोळ आणि काळा धूर. मी परत त्याचा नंबर लावला.

आमचे हे फौजेत इंधनाचे टँकर चालवायचे. मग काय, देवळापुढं निवृत्त फौजींचं कोर्ट बसलं आणि हे न्यायाधीश. चष्मा पुसून पुसून बघितलं आणि निकाल दिला, “झूट हाय. गुप्त तळावर टाक्या अशा उघड्यावर उभ्या करत्यात व्हय रं? जमिनीखाली असत्यात. वर माती, मातीवर गवत.” दुसरा व्हिडिओ आला. त्यातली टाकी तर साखर कारखान्याच्या मळीची निघाली. माणसं हलक्या मनानं चहा प्यायला गेली.

मला मात्र चैन पडेना. आपल्या लेकाचा तळ कुठला तेच माहीत नाही, तर कुठल्या बातमीला घाबरायचं आणि कुठली सोडून द्यायची? विचारलं नाही म्हणून अपशकुन टळला म्हणे. जळो मेला तो शकुन.

दुपारी वैरण टाकायला गोठ्यात गेले, तर हे एकटेच बसून तो पहिला व्हिडिओ बघत होते. आवाज बंद करून.

“आवं, खोटा हाय म्हनलासा न्हवं?”

“खोटाच हाय.”

“मग बघतायसा कशाला?”

त्यांनी फोन पालथा ठेवला.

“खरी टाकी पेटली, तर व्हिडिओ काढाय तितं कोन उरतंय?”