खडूतली पिवळी पट्टी

अख्ख्या वऱ्हाडात जंतूंचे लाड माझ्या चिखलीच्या मामांइतके कोणी केले नसतील. विरजणातले जंतू ते डाळीच्या पाण्यावर वाढवत. त्यामुळे वरणाची निवळी जंतूंना आणि खालचा गाळ आम्हा पाहुण्यांना. दुधावरच का वाढवत नाही, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘दुधाची चरबी त्याच्यात मिसळली तर जंतूची कोणती, हे कसं समजंन बे?’’ नागपूरहून रसायन शिकून आलेला हा माणूस कापसाचा व्यापार धाकट्या भावावर ढकलून एकाच गोष्टीच्या मागे लागला होता: जंतूच्या अंगावरच्या पातळ पापुद्र्यात किती तऱ्हेच्या चरब्या असतात, ते शोधायचं. त्यासाठी जंतू ईथरमध्ये घोटायचे, ते ईथर कुटलेल्या खडूनं भरलेल्या काचेच्या नळीत ओतायचं आणि समोर मांडी घालून बसायचं. खडूतून उतरताना प्रत्येक चरबी आपल्या चालीनं चालते आणि वेगळी पडते म्हणे. मी शाळेत मास्तर, म्हणून खडू माझ्याकडचे. माझ्या वर्गाचं गणित त्या काळात तोंडीच झालं. मी कंटाळून उठू लागलो की मामा म्हणत, ‘‘चरबीले घाई नाही, तुले काऊन आहे?’’

तीन वर्षांनी नळीत बोटभर रुंद पिवळी पट्टी दिसली आणि मग दर खेपेस दिसू लागली. मामा तिच्याकडे नातवाकडे पाहावं तसे पाहत. नागपूरच्या जुन्या प्राध्यापकांना पत्र गेलं. त्यांनी मान डोलावली की निबंध छापायला जाणार होता. ते आले, पट्टी पाहून खूश झाले. एवढ्यात मामी चहा घेऊन आली आणि ईथरच्या बाटलीकडे बोट दाखवून कौतुकानं म्हणाली, ‘‘इचं बूच लय अडकते जी. दिवाळीपासून मी दर खेपेस करडीचं तेल चोपडून ठेवतो.’’

झालं! करडीचं तेल ईथरमध्ये विरघळायला कितीसा वेळ लागतो? प्राध्यापक बशीत चहा ओतू लागले. मामांनी वहीतलं पान दुमडलं आणि म्हणाले, ‘‘चहा चांगला झाला आज.’’ त्यांच्या जागी मी असतो तर निदान खडूंसाठी तरी भांडलो असतो.

मामांनी नळी माळ्यावर टाकली. मी चिडून म्हटलं, ‘‘तेल लावू नको म्हणून मामीला सांगा आणि पुन्हा करा!’’ तर म्हणाले, ‘‘तसं सांगतलं तर तिले समजंन ना, काय झालं ते.’’ मामी बिचारी रिकाम्या बाटलीच्या बुचालाही तेल लावत राहिली.

मामी गेल्यावर वर्षभरानं मामांनी नवं ईथर मागवलं आणि मला बोलावलं. कोरडं बूच दोघांनी मिळून कसंबसं ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत खडूत केसाएवढी फिकट रेघ उतरली. खरी, जंतूंचीच. ‘‘मामा, प्राध्यापकांना तार करू?’’ मी विचारलं.

‘‘कर,’’ ते म्हणाले. मग कोरड्या बुचावरून अंगठा फिरवत हळूच म्हणाले, ‘‘मले तर ते तेलाचीच पट्टी आवडत होती बे.’’