आम्ही की आपण?

परीक्षेच्या कार्यालयाच्या काचेच्या दारामागे काकूंची अबोली रंगाची साडी दिसली आणि मी गाडीतून जवळजवळ उडीच मारली. पास झाल्या असतील का?

अमेरिकेतल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते, निव्वळ हौसेनं. मुलाकडे राहणाऱ्या सुमनकाकू माझ्या विद्यार्थिनी. इथल्या राज्यघटनेचे पहिले तीन शब्द पाठ करताना त्या मध्येच थांबल्या होत्या.

"वुई द पीपल. अगं, पण हे वुई म्हणजे आम्ही की आपण?"

इतकी वर्षं इंग्रजी बोलतेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! 'आम्ही जेवायला बसतोय' म्हटलं की समोरचा बाहेरच उभा राहतो. 'आपण जेवायला बसू' म्हटलं की त्याचंही ताट वाढलं जातं. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाचं दार उघडं की बंद, हे शेवटी बोलणाऱ्याच्या मनावर!

"परीक्षेपर्यंत आम्ही, मग आपण," असं मी काहीतरी ठोकून दिलं होतं. काकूंना ते मुळीच पटलं नव्हतं.

दार उघडलं. कोटाची बटणंही न लावता काकू थंडीत धावतच आल्या.

"झाले गं पास!"

"तेच विचारलं का?"

"विचारलं ना! ठणकावून सांगितलं, वुई द पीपल. आणि मनात आपणच म्हटलं हो, त्या समोरच्या साहेबीणबाईंनाही धरून!"