गार बॉनेट

माझी आत्या कवळ्या बनवते. लोकांचे दात काढणं हे डॉक्टरांचं काम, आणि दात गेल्यावर तोंडात काय बसवायचं ते आत्याचं. तिच्या लॅबमध्ये खिडकीखाली एक लांब टेबल आहे. त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. आत्या मात्र त्यांच्यात बसून खुशाल सँडविच खाते.

हे झालं पोटापाण्याचं. तिचा जीव अडकलाय तो जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत. नवी गाडी तिने जन्मात घेतली नाही. "नवी कुणीही घेतं, पैसे टाकले की झालं. जुनी घ्यायला डोकं लागतं," असं ती म्हणते, आणि अशा काही सुरात म्हणते की ऐकणाऱ्याने आपलं डोकं चाचपून बघावं. काका, म्हणजे तिचे यजमान, एकदाच तिच्याबरोबर उघड्या छताच्या गाडीत बसले. त्यांची टोपी उडाली ती उडालीच, आणि त्या दिवसापासून ते बसने जातात. त्यामुळे शेजारची सीट माझ्याकडे, म्हणजे भाचीकडे आली. माझी स्वतःची गाडी आहे, पण आत्या तिला गाडी म्हणत नाही, "डबा" म्हणते.

तिचं गॅरेज एका गाडीपुरतं. एक आली की एक गेली. म्हणून निवड चुकणं तिला परवडायचं नाही, आणि निवडीची तिची एक पद्धत होती. ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास दारात हजर व्हायचं. मालक गडबडून बाहेर येईपर्यंत आत्याचा तळहात बॉनेटवर टेकलेला असायचा. बॉनेट गार असलं तर पुढचं बोलणं, गरम असलं तर राम राम. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सुरू होताना खोकतं, धूर सोडतं, काय दुखतंय ते सगळं सांगून टाकतं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाणं वागतं. ज्याला काही लपवायचं असतं तोच सकाळी गाडी तापवून ठेवतो, हा आत्याचा सिद्धांत.

गार निघाली की मग तपासणी. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक ती दारांवरून फिरवायची. जिथे ते चिकटणार नाही तिथे पत्रा सडलेला आणि भोक बुजवायला लांबीचा लगदा भरलेला. दातांच्या डॉक्टरकडचा लांब दांड्याचा आरसा इंजिनखाली घालून ती तेलाची गळती शोधायची. कवळी कुठे टेकते ते बघायला जो निळा कागद दातांखाली धरतात, त्याची पट्टी दाराच्या फटीत धरून दार लावायची. पट्टी अलगद ओढून निघाली तर रबर तिथे टेकत नाही, म्हणजे पाणी आत येणार. एका मालकाने न राहवून विचारलं होतं, "बाई, माझ्या दाराचे दात दुखतायत का?" आत्या म्हणाली, "दुखत नाहीत, हिरड्या झिजल्यात."

नऊ वर्षांपूर्वी तिच्यापुढे दोन गाड्या होत्या. मॉडेल एकच, दोन सीटचं, कापडी छताचं. एक पिवळी, एक लाल. पिवळी कमी चाललेली, पहिल्याच मालकाकडची, मूळ रंगाची. लाल भरपूर चाललेली, बंपरवर ओरखडा, पण चारही टायर एकाच कंपनीचे, म्हणजे निगा राखलेली, आणि तिच्या मालकिणीने, एका व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईने, आपणहून सांगितलं होतं की थंडीत दुसरा गिअर कुरकुरतो. आठवडाभर आत्या मला फोन करत होती. सकाळी "पिवळी" म्हणायची, संध्याकाळी "लाल". मन पिवळीवरच होतं, हे मला कळत होतं.

पिवळीचा मालक सत्तरी गाठलेला, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. किल्ल्या दोन्ही हातांत धरलेल्या. आत्याने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका लागल्यासारखा उचलला. म्हातारे पुढे झाले. "बाई, जरा ऐकून तरी घ्या."

"गाडीने सांगितलं सगळं," आत्या म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडलीसुद्धा. दुपारी आम्ही लाल घेऊन आलो.

ही गोष्ट आत्याची हुकमी झाली. रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात, बॉनेटं उघडतात आणि एकमेकांच्या इंजिनात डोकी घालतात. तिथे सगळे तिला आत्याच म्हणतात. कुणी नवखा आला की फर्माईश व्हायची, आत्या, पिवळीची गोष्ट सांगा. ती सांगायची, मी म्हाताऱ्यांची नक्कल करायचे, आणि "गाडीने सांगितलं सगळं" हे शेवटचं वाक्य सगळे मिळून म्हणायचे.

लाल मात्र खरंच सोनं निघाली, आणि आत्याने ती सोन्यासारखीच सांभाळली. ऑइल वेळेआधी बदलायचं. छताचं पाणी वाहून जायची भोकं बारीक तारेने मोकळी करायची. इंजिनातला रबरी पट्टा, टायमिंग बेल्ट, गाडी चालो न चालो बदलायचा, कारण "रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात." दुसऱ्या गिअरशी तिने कधी जबरदस्ती केली नाही. थंडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ती क्षणभर थांबायची, वयस्कर माणसाला आधी जिना चढू द्यावा तशी. मी डब्यात गिअर खटकन टाकला की मला म्हणायची, "तुझं काय वैर आहे का त्याच्याशी?"

यंदा तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लालचा क्लच जड. एका सिग्नलला पायाने दगा दिला, गाडी बंद पडली, पुन्हा बंद पडली, मागे हॉर्नचा गदारोळ. घरी आल्यावर आत्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "विकायची." काकांनी लगेच मऊ सीटच्या, क्लच नसलेल्या गाड्यांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. तिने ती बघितलीही नाहीत. तिला एवढंच हवं होतं, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावी आणि आत्याच्या गाडीत काही लपवलेलं होतं असं मागून कुणी म्हणू नये. "बाकी गुडघा काय, गाडी काय, जायचंच," ती म्हणाली. "नाव नको जायला."

घेणारा रविवारच्या मंडळींतलाच होता. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, म्हणून त्याला सगळे एक्स-रे म्हणत. वर्षभर तो गाड्या ताडून बघत होता आणि शेवटी लालवर येऊन थांबला होता. अकराची वेळ ठरली.

त्या दिवशी सकाळी आत्याचा मला फोन. "खाली ये." बघते तर ती लाल घेऊन उभी, छत उघडं, गुडघ्याला पट्टा. रस्ते रिकामे होते. तिने तलावाच्या कडेने पूर्ण फेरी मारली. चढावर दुसरा गिअर टाकताना थांबली, हलकेच टाकला, आणि स्टिअरिंगवर थोपटलं. परत येऊन ती गॅरेजमध्ये काच पुसत होती, एवढ्यात फाटक वाजलं. एक्स-रे. अर्धा तास आधी.

तो हसला, पुढे आला आणि त्याने तळहात बॉनेटवर ठेवला. त्याचं हसू मावळलं. हात त्याने लगेच काढलाही नाही. बहुतेक त्याला वाटलं असावं, उन्हाने तापलं असेल. पण गॅरेजमध्ये ऊन कुठलं?

"आत्या," तो खाली बघत म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं होतं..."

मी बोलायला तोंड उघडलं. "अरे, आम्ही आत्ताच..."

"गप्प बस गं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. तीस वर्षांत तिने एकाही गरम बॉनेटवाल्याची कहाणी ऐकली नव्हती, आता स्वतःची कुठल्या तोंडाने सांगणार? ती दोन पावलं फिरली, मग खिशातून किल्ली काढून तिने त्याच्या हातात कोंबली. "गरम आहे ती आहे. घेऊन जा. रात्रभर तुझ्या दारात उभी कर आणि उद्या गार असताना सुरू कर. मी जवळपास नको, कुणीच नको. आणि ऐक, दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. डाव्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात टेकत नाही. सुरू झाल्यावर इंजिन टकटक करेल, मिनिटभराने थांबेल. नाही थांबलं तर गाडी परत आणून लाव आणि रविवारी सगळ्यांना सांग."

तो गेला. गॅरेजच्या फरशीवर चार चाकांमधली जागा तेवढी स्वच्छ उरली. आत्या रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसली. मला वाटलं, ती त्याच्यावर भडकेल. पण ती म्हणाली, "तो पिवळीचा म्हातारा गं. त्यालाही हेच सांगायचं असेल. आणि मी नऊ वर्षं त्याच्यावर लोकांना हसवत आले." मग ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रेचा फोन आला. त्याने फोन इंजिनाजवळ धरला होता. टकटक ऐकू आली. आत्याने डोळे मिटले. टकटक हळू झाली, थांबली. "आत्या, घेतली," पलीकडून आवाज आला. "आणि तुम्हाला कधीही चक्कर मारायची असली तर मी गाडी घेऊन येतो."

"ते बघू नंतर," आत्या म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "डबा काढ."

पिवळीच्या गल्लीत शिरताना मला धाकधूक होती. कोण जाणे, म्हातारे असतील की नसतील. दार त्यांनीच उघडलं. काठी आली होती, शर्ट तसाच इस्त्रीचा. आत्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "गाडीने सांगितलं सगळं," ते म्हणाले. "तुम्हीच ना त्या?"

"मीच," आत्या म्हणाली.

"गाडी आहे अजून. गुडघे माझेही गेले, पण विकवत नाही. आता बॉनेट गार आहे, बघा हात लावून."

"गाडी राहू द्या," आत्या म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. ते ऐकायला आलेय."

म्हाताऱ्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसले. "काही नाही हो. बायकोला म्हटलं होतं, आज एक बाई येणार आहेत, गाडी जाईल. ती म्हणाली, मग मला एकदा फिरवून आणा. म्हणून आणली होती." ते हसायला लागले. "तुम्ही रागारागाने निघून गेलात ना, तशी ती आतून टाळ्या वाजवत बाहेर आली. म्हणाली, देव त्या बाईचं भलं करो. मग काय विकतो मी! ती होती तोवर, चार वर्षं, दर रविवारी फिरलो आम्ही."

आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती. परतताना मी घाईत दुसरा गिअर खटकन टाकला. ती काहीच बोलली नाही.