मामाचं उजळतं लाकूड आणि चेन्नईचा गार कॅमेरा

मामाला चेन्नईला न्यायचंच, हे मी भीमाशंकरहून परततानाच ठरवलं. हा माझा सख्खा मामा, जुन्नरला जीवशास्त्राचा मास्तर. कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात उजळते, हे वर्गात शिकवण्यात त्याचा जन्म गेला. आणि भीमाशंकरच्या जंगलात तसं लाकूड हाती लागलं तेव्हा डोळे इतके अधू झालेले, की तो मंद उजेड त्याला दिसेचना. मला मात्र दिसत होता. फार वाईट वाटलं हो.

चेन्नईतल्या एका प्रयोगशाळेत यासाठीच केलेला कॅमेरा होता. साध्या कॅमेऱ्यात सेन्सर तापला की चित्रभर ठिपके उठतात. याचा सेन्सर शून्याच्या कितीतरी खाली गारठवतात, मग अगदी पुसट उजेडही हळूहळू साठतो. चित्र संगणकावर मोठं आणि लख्ख करता येतं. तेवढं मामाला नक्की दिसलं असतं.

दसऱ्याला जोडून रजा मिळाली. पुण्याहून थेट गाडी आहे. सोलापूरनंतर खाण्याचे हाल, दशम्या बरोबर घ्या. लाकूड ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं होतं. नवमीला सकाळी पोचायची गाडी अरक्कोणमला जी रखडली, ती दुपार करूनच सेंट्रलला आली. रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, आधी ठरवून बसा. शोळिंगनल्लूरच्या अलीकडे प्रयोगशाळा सापडेपर्यंत मी घामाने आणि संतापाने भिजले होते.

कॅमेऱ्याच्या कपाळी चंदन-कुंकू, वर झेंडूचा हार. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, नुकतीच झाली होती.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शकुंतलाबाई तंजावरी मराठी, बोलण्याला तमिळ हेल. हातावर चुरमुरे ठेवत हळहळल्या. "अय्यो, पूजेच्या आधी यायचं की. आता मशीनला विश्रांती. उद्या पहिलं तुमचंच."

मी भांडायच्या तयारीत होते. मामाने दंड धरला.

"राहू दे गं. आज आपण घरी विळीला तरी हात लावतो का?"

एग्मोरच्या लॉजवर केळीच्या पानावरचं जेवण झकास होतं, पण मला गोड लागलं नाही. बाथरूमचं दार लावून डबा उघडला. हिरवट उजेड अजून होता. बाहेरून मामाने विचारलं, "आहे का?" मी म्हटलं, "आहे."

दसऱ्याला सकाळीच गेलो. शकुंतलाबाईंनी हार उतरवला, कॅमेरा गार व्हायला लावला, खोली अंधारली. बराच वेळ उजेड साठवला. पडद्यावर नुसता काळोख. चेन्नईच्या उकाड्यात लाकूड आंबून बुरशी मेली होती. बाईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, शेवटी पदराने डोळे टिपले.

मामा पडद्याला नाक टेकवून उभा होता. म्हणाला, "घ्या. यालाही माझ्याइतकंच दिसतंय."

पुढच्या पावसाळ्यात शकुंतलाबाईंचा फोन आला, कधीही या, कॅमेरा मोकळा ठेवते म्हणून. पण तोवर मामाला पडद्यावरचंही दिसेनासं झालं होतं. तुम्ही जाणार असाल तर नवमी टाळा, एवढंच सांगते. त्या दिवशी मामाचं ऐकायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

परवा मामाने विचारलं, "लॉजवर तुला दिसला तो रंग नेमका कसा होता गं?"

"हिरवट."

"हिरवट म्हणजे कसा?"