पाटावरचा विहार

ठोकळ्यांचा पहिला डबा माझ्यासाठी आणलेला नव्हता. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला रेल्वेत होते. त्यांनी तो नागपूरहून आपल्या मुलासाठी आणला. मुलाने डबा उघडला, यातून काहीही उडत किंवा फुटत नाही याची खात्री करून घेतली आणि बंद केला. मी तेव्हा नववीत होते. नागपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकायचे आणि सुट्टीत पांढुर्ण्याला घरी यायचे. त्या सुट्टीनंतर परतताना डबा माझ्या पिशवीत होता. कोणी दिला असं नाही आणि मी मागितला असंही नाही.

लाल, पांढरे, निळे आणि पिवळे प्लास्टिकचे ठोकळे. वरून उंचवटे, खालून पोकळ, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे. झाकणावर एक मुलगा होता, आपण बांधलेल्या घराकडे बघून हसणारा. मला घर बांधून झाल्यावर कधी हसू आलं नाही. खिडक्यांची पातळी चुकलेली दिसायची.

वाढत्या वयाबरोबर हे सुटेल असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी बी.ए. झाले. वडील वीज खात्यात होते, त्यांची बदली सौसरला झाली. मी तिथल्याच एका लहानशा खासगी शाळेत इंग्रजी शिकवू लागले. डबा खाटेखाली होता. पहिल्या पगारातून मी दुसरा डबा घेतला. सौसरात मिळत नव्हता म्हणून पांढुर्ण्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "बच्चा कितने साल का है?" मी म्हणाले, आठ. पुढे दिवाळीच्या आसपास मी एकेक डबा घेत गेले. तो दरवेळी वय विचारायचा आणि मी दरवेळी आठ सांगायचे. शेवटी त्याने विचारणं बंद केलं आणि डबा कागदात गुंडाळताना माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघायला लागला.

डब्यात जे येतं त्यावर माझं भागत नसे. त्यात एकच दरवाजा असायचा, आणि तो विलायतेतल्या घराचा. मी आरीपत्तीने ठोकळे कापायचे, पॉलिश पेपरने कडा घासायचे. प्लास्टिकची बांगडी गरम पाण्यात नरम करून अर्धी कापली की कमान होते. आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कापून मी खिडक्यांना काचा लावल्या होत्या, त्यामुळे एका घराच्या खिडकीत नीट पाहिलं तर हाड दिसायचं. वडिलांच्या पिशवीत सापडणाऱ्या वायरींमधली तार काढली की उरलेल्या नळ्यांची पाइपलाइन व्हायची. वडिलांना हे माहीत होतं. ते त्याबद्दल बोलत नसत. वायर मात्र वरच्या कप्प्यात ठेवत.

घर बौद्ध वस्तीत, दोन खोल्यांचं. मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. पुस्तक घेऊन बसलं की शेजारची कोणीतरी येऊन आईला विचारायची, पोरगी काय करून राहिली? आई सांगायची, अभ्यास. मग ती बाई अभ्यासाला त्रास नको म्हणून हळू आवाजात बोलायची. हळू आवाजातलं बोलणं जास्त ऐकू येतं. मला एक टेबल, एक दिवा आणि बंद होणारं दार हवं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मराठीला नागपूरच्या शाळेचा वास येतो असं वस्तीत म्हणत, म्हणून मी एकूणच कमी बोलायचे.

त्याच वर्षी वस्तीत विहार बांधायचं ठरलं. तोवर मोकळ्या जागेत एक ओटा, त्यावर निळा झेंडा आणि समोर अंथरलेल्या सतरंज्या, एवढाच विहार होता. दर रविवारी वंदना तिथेच व्हायची, पाऊस आला की उरलेली कोणाच्या तरी ओसरीत. घराघरांतून काही ना काही गोळा झालं. एका ओव्हरसियरने नकाशा काढून दिला. तो समजून घेण्यासाठी बैठका सुरू झाल्या, आणि त्या आमच्या अंगणात व्हायच्या, कारण वीज खात्यातल्या माणसाच्या दाराबाहेर दिवा असतो.

नकाशा कोणालाच कळत नव्हता. समितीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही काकाजी म्हणायचो, तो उलटा धरून बघायचे आणि त्यांना ते सांगण्याची कोणाची हिंमत नव्हती. मी आतून ऐकायचे. एके दिवशी बैठक संपल्यावर नकाशा अंगणातच राहिला आणि मी तो नीट पाहिला. समोर सभागृह, मध्ये मूर्तीची जागा, वर घुमट. मागच्या बाजूला एक लहान खोली होती. तिच्यात काहीही लिहिलेलं नव्हतं. ओव्हरसियरला सुचलं नसावं. मला लगेच सुचलं.

विहार बांधायला मला काही आठवडे लागले. पाया म्हणून घरातला जुना लाकडी पाट घेतला. चौकोनी ठोकळ्यांचा घुमट होत नाही. पुष्कळ प्रयत्न केल्यावर मी नारळाची अर्धी करवंटी घासून पांढरी रंगवली. भिंती पांढऱ्या करायच्या होत्या, पण पांढरे ठोकळे पुरले नाहीत. उजव्या भिंतीत मधल्या उंचीवर आणि मागच्या कोपऱ्यात थोडे निळे लावावे लागले. मागच्या खोलीला मी एक्स-रेची खिडकी केली आणि आत काडेपेटीचं टेबल ठेवलं. टेबलावर कागदाचं एक पुस्तकही ठेवलं. मग पाट खाटेखाली सरकवला.

पुढच्या बैठकीला काकाजींच्या गुडघ्याने जमिनीवर बसायला नकार दिला. आई पाट आणायला आत आली. तिने खाटेखालून पाट ओढला. पाटावर विहार होता.

"हे उतरव," आई म्हणाली. "काकाजीले बसाले पाट पायजे."

मी म्हणाले, उतरवलं तर मोडेल. आईने क्षणभर विचार केला. बाहेर एक वयस्कर माणूस उभा होता. ती विहारासकट पाट घेऊन बाहेर गेली, बहुधा कोणीतरी मदत करील या हिशेबाने. काकाजींनी पाटाकडे पाहिलं आणि ते बसले नाहीत. ते शेवटपर्यंत उभेच राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा बैठकीत काहीतरी ठरलं.

मला बाहेर बोलावण्यात आलं. काकाजींनी निळ्या ठोकळ्यांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, आम्ही इतके दिवस बसून राहिलो, पण भिंतीतच निळा रंग घ्यावा हे एकालाही सुचलं नाही. मी म्हणाले, "पांढरे संपले होते, काकाजी."

"असू दे, बेटा," ते म्हणाले. "चांगल्या गोष्टीले लाजू नये."

मी पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. शिकलेली असून किती साधी आहे, असं कोणीतरी म्हणालं.

पाट आमच्या ओसरीत एका स्टुलावर ठेवला गेला आणि लोक बघायला येऊ लागले. नुसतं बघून कोणी जात नसे, काहीतरी बदलून जायचं. चपला कुठे काढायच्या, असं एका बाईने विचारलं आणि दारापुढे बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा ठेवला. एकाने पाण्याच्या टाकीसाठी औषधाच्या बाटलीचं बूच आणलं. ते मूर्तीच्या जागेपेक्षा मोठं होतं. एक आजी रोज यायच्या आणि आपण कुठे बसणार ते बोटाने दाखवून जायच्या. ती जागा खांबाजवळची होती, टेकायला बरी. माझं कशालाच काही म्हणणं नव्हतं. मागच्या खोलीला कोणी हात लावला नव्हता.

मग काकी आल्या. काकी म्हणजे काकाजींची बायको. वस्तीतली लग्नाची सगळी भांडी, गंज, पराती आणि मोठाल्या डेगच्या, वर्षानुवर्षं त्यांच्या घरी होती. काकींच्या घरात माणसांनी भांड्यांच्या कडेने वावरायचं असा नियम होता. वस्तीतला एकमेव टीव्ही त्यांच्याकडे होता आणि तो एका उपड्या गंजावर ठेवलेला होता. त्यामुळे कुठे लग्न निघालं की टीव्ही जमिनीवर यायचा.

काकींनी विहाराभोवती एक चक्कर मारली, मागच्या खोलीत वाकून पाहिलं, काडेपेटी उचलून बाहेर ठेवली आणि आत आईच्या शिवणाच्या डब्यातली चार-दोन बटणं टाकली.

"हे भांड्याइची खोली," त्या आईला म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

संध्याकाळी मी बटणं काढून टेबल परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा टेबल बाहेर होतं आणि बटणं आत. मी ती काढली. असं पुष्कळ दिवस चाललं. काकी आणि मी रस्त्यात भेटायचो, त्या माझ्या अभ्यासाची चौकशी करायच्या, मी त्यांच्या तब्येतीची. बटणांबद्दल कोणीच बोललं नाही. मध्ये त्यांनी बटणांच्या जागी एक पितळी घुंगरू ठेवलं, ते खऱ्या डेगचीसारखं दिसत होतं हे मला मान्य करावं लागलं. मी टेबलाला खुर्ची केली. आई म्हणाली, तुमचं दोघींचं काय चालू आहे ते चालू द्या, पण माझी बटणं मला परत पाहिजेत.

लोधीखेड्याचा मिस्त्री ठरला होता. त्याने नकाशाची घडी करून खिशात टाकली आणि सांगितलं की तो पाटावरचं पाहून बांधेल. ज्या दिवशी तो मापं ठरवायला आला, त्या दिवशी अंगण भरलं होतं. तो स्टुलाभोवती फिरला. निळे ठोकळे कुठे कुठे आहेत ते त्याने खडूने हातावर लिहून घेतलं. मागच्या खोलीत वाकून पाहिलं. त्या वेळी आत टेबल होतं आणि टेबलावर घुंगरू होतं. आम्ही दोघीही त्या दिवशी घाईत होतो.

"हे खोली कायची हाय?" त्याने विचारलं.

"भांड्याइची," काकी म्हणाल्या.

काकाजी हो म्हणाले, कारण त्यांनाही ती भांडी घराबाहेर हवी होती. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग दिव्याकडे. मिस्त्री खडू काढून लिहायला लागला. त्याने लिहिलं असतं तर तसंच बांधलं गेलं असतं. त्याने तर करवंटीचे डोळेही किती अंतरावर आहेत ते मोजलं होतं.

"टेबलाची आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "भांडी लग्नाला निघतात. मला रोज बसायचं आहे."

माझं वाक्य वस्तीसाठी असायला हवं होतं. वस्तीतल्या मुलामुलींना अभ्यासाला जागा हवी, असं काहीतरी. ते मनात तयारही होतं. तोंडातून 'मला' निघालं होतं.

"म्हणजे तुले पायजे," काकी म्हणाल्या.

"हो. मला पाहिजे."

"मंग तसं सांगाचं ना वं. इतके दिवस मुक्यानं टेबल काहून ठेवून राहिली? मले वाटलं, लेकरू खेळून राहिलं."

मी म्हणाले, मलाही वाटलं तुम्ही खेळत आहात. कोणीतरी हसलं. काकी हसल्या नाहीत. त्यांनी खोलीत दोन बोटं घालून घुंगरू उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि मिस्त्रीला विचारलं की या खोलीत वर माळा निघेल का. मिस्त्री म्हणाला, निघेल, पण खाली बसणाऱ्याचं डोकं लागेल. काकींनी मला उभं राहायला सांगितलं, आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "इचं नाही लागत."

विहार पुढच्या वर्षी उभा राहिला. विटा बोरगावकडच्या भट्टीवरून आल्या आणि वस्तीतल्या सगळ्यांनी त्या हातोहात उतरवल्या. घुमट करवंटीपेक्षा बराच चांगला आला. भिंती पांढऱ्या झाल्या, आणि उजव्या भिंतीत मधल्या उंचीवर व मागच्या कोपऱ्यात निळे चौकोन आले, जितके पाटावर होते तितकेच. बाहेरगावाहून कोणी आलं की काकाजी त्यांना तिथे थांबवून अर्थ सांगत. तो मी ऐकला आहे. चांगला अर्थ आहे.

मागच्या खोलीत वडिलांनी स्वतः दिवा लावून दिला. टेबल खऱ्या लाकडाचं होतं, एक पाय आखूड. डोक्यावर माळा आणि माळ्यावर वस्तीची सगळी भांडी. छोट्या लाईनीची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी गेली की ती सगळी एकदम वाजायची, आणि मी त्यावरून वेळ ओळखायला शिकले. मी पहिल्यांदा पुस्तक उघडलं त्या दिवशी काकी एका लग्नासाठी गंज न्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "तू बस, अभ्यास कर. फक्त शिडी धर." त्या लग्नसराईत मी पुस्तकापेक्षा शिडीच जास्त धरली. दार मात्र बंद होत होतं, आणि काकी ते वाजवून आत यायच्या. आमच्या वस्तीत दार वाजवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

पाट आईने परत घेतला, ठोकळे मी. डबे मी त्या खोलीतच आणून ठेवले, टेबलाखाली. अभ्यास झाला की सौसरचं स्टेशन बांधायचे. एकदा काकी शिडीवरून वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय बनवून राहिली. मी म्हणाले, स्टेशन. त्या एक पायरी खाली उतरल्या.

"अन् यात तुह्यी खोली कुठं हाय?"

मी म्हणाले, यात नाही, मला आता इथे आहे. काकींनी हे ऐकून घेतलं. मग एक परात माझ्या हातात दिली आणि दुसरी काढायला वर वळल्या.