दोघांना दिसलेला डाग

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम होता: सूर्यावरचा डाग दोघांना दिसला तरच तो वहीत चढवायचा. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली, तिच्या तोंडावर बसवायचा सौर फिल्टरही घेतला. रोज सकाळी गच्चीवर फिल्टर उजेडाकडे धरून त्याला बारीक भोक पडलंय का ते तपासायचे आणि मगच उजवा डोळा लावायचे. डावा आधीपासूनच अधू. दुसरी साक्षीदार मी, कारण घरात तिसरं कुणी नव्हतंच.

मला त्याचा वैताग यायचा. ऐन डबा भरायच्या वेळी हाक यायची. गच्ची मार्चातच तापलेली, आणि वाकून बघायचं काय, तर मोसंबीसारखा पिवळा गोळा आणि त्यावर मिरीएवढे ठिपके. दिसला नाही म्हटलं की अण्णा फोकस फिरवून पुन्हा बघायला लावायचे. म्हणून मी डोळा टेकवल्यासारखं करून "दिसला" म्हणायला शिकले होते.

त्या सकाळी त्यांचा आवाज वेगळा होता. "ये लवकर, मधोमध लई मोठा डाग हाय."

या खेपेला मी खरंच पाहिलं. कडेला दोन बारके ठिपके होते, मधोमध काहीच नव्हतं. पण कंपनीची बस यायची वेळ झालेली.

"दिसला का नाय?"

"दिसला की, अण्णा."

त्यांनी वहीत चित्र काढलं, मी खाली सही ठोकली आणि जिना उतरले.

आठवड्यानं ते म्हणाले, "हा डाग सरकत कसा नाय गं?" सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर डागही सरकतात, हे त्यांनीच मला शिकवलेलं. "दुसरा आला असेल," मी पोळी लाटता लाटता म्हणाले. पेपरातली अक्षरं मधूनच गायब होतात म्हणाले, तर मी चष्म्यावर खापर फोडलं.

महिन्याभरानं त्यांची जिन्यातली पायरी चुकली, तेव्हा कुठे आम्ही क्रांती चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली रक्त झिरपत होतं.

"मधोमध डाग पहिल्यांदा कधी दिसला?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी वहीतली तारीख तोंडपाठ सांगितली.

"तेव्हाच आला असतात तर बरीच नजर वाचली असती. आता पुढचं नुकसान थांबवायला बघू. गेलेली नजर परत येणं अवघड आहे."

मला तिथंच रडू फुटलं. परतताना रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा अण्णांनी चाचपडत माझा हात धरला. आवाजात तक्रार नव्हती, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"मला वाटलं व्हतं, डोळ्यातलाच असंल," ते म्हणाले. "म्हणून तर तुला हाक मारली. पण तुला बी दिसला ना, मग सोडून दिलं."