धारेच्या बाजूची फट

श्रूजबरीच्या जपानी तलवारबाजीच्या क्लासला मी आणि माझा नागपूरचा मित्र एकदमच जाऊ लागलो. सरावाच्या तलवारी बोथट. त्यांची प्लॅस्टिकची म्यानं तडकायची, म्हणून मी गराजमध्ये टिकाऊ लाकडी म्यानं करू लागलो. फळी उभी चिरायची, दोन्ही भाग आतून कोरायचे आणि भाताच्या खळीने चिकटवायचे.

मित्राच्या म्यानासाठी मी फ्रिजमधला उरलेला भात घोटला. बासमतीचा. बायको त्यात तूप घालते, भात मोकळा व्हावा म्हणून. जी शितं ताटात एकमेकांना चिकटत नाहीत, ती लाकूड काय धरणार? हे मला रंगाचा पहिला हात दिल्यावर कळलं. धारेच्या बाजूला केसाएवढी फट दिसत होती. मी तिच्यात भुसा भरला, वरून काळा रंग चढवला. बोथट पात्याने काय होतंय, असं स्वतःला सांगितलं.

मग एका रविवारी तो पार्किंगमध्येच म्हणाला, "अबे, खरी धारवाली आणली बघ. तुझ्या म्यानात काय बसते यार!"

मी सांगणारच होतो. तेवढ्यात त्याने म्यान सगळ्या क्लासला दाखवलं, माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो.

तलवार उपसताना म्यानाचं तोंड डाव्या मुठीत असतं; धार आणि बोटं यांच्यामध्ये फक्त लाकूड. त्याच हाताने तो गणपतीत डग्गा वाजवायचा. मी त्याच्या मागे उभा राहून ती मूठ बघत असे. थंडी सुरू झाली, घरोघरी हीटर लागले. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो.

एकदा क्लासमध्ये तो तलवार उपसत असताना म्यान उकललं, तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. तो फक्त खाली बघत राहिला, आणि मग जमिनीवर थेंब दिसले.

"माझीच घाई झाली," हॉस्पिटलमध्ये तो म्हणाला. मी मान डोलावली. ते म्यान मी घरी नेऊन जाळलं.

परवा तो गराजमध्ये आला. "नवीन करून दे. तुझ्याच हातचं पाहिजे."

"फट मी पाहिली होती," मी म्हणालो.

"कधी?"

"तुला द्यायच्या आधी."

त्याने डावा पंजा मिटून पाहिला. दोन बोटं मिटली नाहीत.

"बोलायचं होतंस ना बे," एवढंच म्हणाला. मग तो हात जॅकेटच्या खिशात घालून बर्फातून गाडीकडे गेला.